चार मांजरांच्या खानावळीत रोज कोण बसते?

सांजवेळ

गेली काही वर्षे मी बार्सिलोनात राहते. यंदा मे महिन्यात माझे वडील साताऱ्याहून महिनाभरासाठी आले होते. चर्च, बाजार, समुद्र हे सगळे पाहून झाल्यावर एका दुपारी मी त्यांना जुन्या शहरातल्या मोन्सिओ नावाच्या अरुंद गल्लीत 'एल्स क्वात्रे गात्स' या उपाहारगृहात घेऊन गेले. नावाचा शब्दशः अर्थ 'चार मांजरे'. इमारत पुइच इ कादाफाल्क या वास्तुरचनाकाराची, कमानी टोकदार, विटांचे काम नाजूक, आणि आत भिंतीवर रामोन कासासने १८९७ साली काढलेल्या त्या प्रसिद्ध चित्राची प्रतिकृती आहे. एका जोडसायकलवर पुढे स्वतः कासास तोंडात पाइप धरून बसला आहे आणि मागे या खानावळीचा चालक पेरे रोमेऊ आहे. वडिलांनी ते चित्र बराच वेळ निरखले आणि म्हणाले, "पुढच्याला पाइप ओढायला फुरसत आहे, म्हणजे पायडल मागचाच मारत असणार."

मी त्यांना माहीत होता तेवढा इतिहास सांगितला. जून १८९७ मध्ये ही जागा सुरू झाली. कासास, सान्तियागो रुसिन्योल, मिकेल उत्रियो आणि रोमेऊ या चौघांनी पॅरिसच्या 'काळे मांजर' या कॅबरेच्या धर्तीवर ती काढली होती. तिथे चित्रप्रदर्शने भरत, सावल्यांचे आणि बाहुल्यांचे खेळ होत, आल्बेनिस आणि ग्रानादोस यांच्यासारखे संगीतकार येत. सतरा-अठरा वर्षांचा पिकासो इथेच पडीक असे, आणि फेब्रुवारी १९०० मध्ये त्याचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन याच दालनात भरले. चित्रांना चौकटी करायला पैसे नव्हते, म्हणून मित्रांची रेखाटलेली चित्रे त्याने तशीच भिंतीवर टाचण्यांनी लावली होती. खानावळीच्या मेनूकार्डासाठीही त्याने चित्र काढून दिले.

वडिलांनी सगळे ऐकून घेतले, आजूबाजूला पाहिले (बहुतेक टेबलांवर आमच्यासारखेच पाहुणे होते आणि भिंतीकडे बोट दाखवून एकमेकांना हेच सांगत होते) आणि विचारले, "मग इथली माणसे कुठे बसतात?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. म्हणून इथे विचारते आहे. ऐतिहासिक, पारंपरिक म्हणवणारे स्पॅनिश उपाहारगृह अजून गावाचा कट्टा आहे की नाही, हे कशावरून ठरवायचे? स्पेनमध्ये राहिलेल्या, फिरलेल्या सभासदांनी अनुभव लिहावेत.

खिळेजुळारी

नावाबद्दल एक छोटीशी भर. 'काळे मांजर' हा संदर्भ खराच, पण बार्सिलोनाकडच्या कातालान भाषेत 'क्वात्रे गात्स' हा वाक्प्रचारही आहे. आपण 'कार्यक्रमाला चार टाळकी आली होती' असे म्हणतो, अगदी त्याच अर्थाने ते 'चार मांजरे होती' असे म्हणतात. म्हणजे मालकांनी पहिल्याच दिवशी पाटीवर लिहून ठेवले होते की इथे फारसे कोणी येणार नाही. धंद्याच्या बाबतीत इतका प्रामाणिकपणा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

सांजवेळ

हे मला माहीत नव्हते. आज रात्री वडिलांना फोनवर सांगते, त्यांना फार आवडेल.

मान्सानारेसकाठचा

मी माद्रिदमध्ये नोकरीनिमित्त राहतो, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती असू शकेल. ज्या जागेला आपण 'ऐतिहासिक उपाहारगृह' म्हणतो ती मुळात जेमतेम सहा वर्षे चालली. १९०३ मध्ये रोमेऊने दार लावले, कारण त्याला गल्ल्यापेक्षा गप्पांत रस होता. पुढे सुमारे पाऊणशे वर्षांनी दुसऱ्या कोणी तरी त्याच इमारतीत, त्याच नावाने उपाहारगृह सुरू केले. मधल्या काळात तिथे चार मांजरेही नव्हती. याला परंपरा म्हणायचे असेल तर मग कशालाही म्हणता येईल.

याउलट माद्रिदचे 'सोब्रिनो दे बोतिन' पाहा. १७२५ पासूनचे, जगातले सर्वांत जुने उपाहारगृह म्हणून गिनीजमध्ये नोंद असलेले, आणि आजही चालू. प्लासा मायोरच्या कमानीतून पायऱ्या उतरून गेले की कुचियेरोस रस्ता लागतो. हे नाव सुऱ्या करणाऱ्या कारागिरांवरून पडले आहे. तिथे १७ क्रमांकाला ही जागा आहे. आत लाकडावर तापणारी जुनी भट्टी आहे. तिच्यात एन्सिना नावाच्या ओकच्या जातीचे लाकूड जाळतात आणि मातीच्या पसरट भांड्यांतून दुधावरची डुकराची पिल्ले आणि कोकराचे मांस भाजतात. लांब दांड्याच्या फाळक्याने आचारी ती भांडी आतबाहेर करत असतो, ते पाहत उभे राहिले तर दहा मिनिटे सहज जातात. पिलाची कातडी पापडासारखी कडक व्हायला हवी, यावर त्यांची सारी प्रतिष्ठा अवलंबून. तीनशे वर्षे एकच काम करत राहणे हीही संस्कृतीच आहे.

अबोली_देशपांडे_नव्हे

भट्टीचे वर्णन वाचून भूक लागली हे मान्य करते, परंतु मुद्दा मान्य नाही. मूळ प्रश्न जागेच्या वयाचा नाही, जमणाऱ्या माणसांचा आहे. बोतिन हे उत्तम जेवणघर असेल, पण तिथे माणसे आरक्षण करून येतात, जेवतात, फोटो काढतात आणि उठतात. कट्टा तो, जिथे काही काम नसताना जाता येते. तीनशे वर्षे चाललेल्या जागेत कोणी कोणाशी भांडले, कोणी कोणाला काही वाचून दाखवले, याबद्दल आपण एक ओळही लिहिलेली नाही. रोमेऊच्या सहा वर्षांबद्दल मात्र माणसे अजून लिहीत आहेत. 'क्वात्रे गात्स' याच नावाचे नियतकालिक त्यांनी १८९९ मध्ये काढले, ते पंधरा अंक चालले. त्याच वर्षी कासास आणि उत्रियो यांनी 'पेल इ प्लोमा' सुरू केले. ज्या खानावळीतून नियतकालिक निघते, तिच्या स्वयंपाकाबद्दल मी फार चौकशी करणार नाही.

मान्सानारेसकाठचा

हेमिंग्वेच्या १९२६ च्या कादंबरीतल्या अगदी शेवटच्या प्रसंगांपैकी एक बोतिनमध्ये घडतो. वरच्या मजल्यावर पिलाचे भाजलेले मांस आणि रिओखा वाइन. हे साहित्य नाही काय?

पोटोबा

त्याच रस्त्यावरच्या एका उपाहारगृहाने दारावर पाटी लावली होती, 'हेमिंग्वे इथे कधीही जेवला नाही.' मला तीच जागा जास्त विश्वासार्ह वाटली.

खिळेजुळारी

बोतिनच्या बाबतीत आणखी एक कथा सांगतात, की तरुणपणी चित्रकार गोया तिथे भांडी घासायला होता. ही दंतकथाच समजावी. पण जुन्या खानावळींना असा एक तरी भांडी घासणारा थोर माणूस लागतोच.

मला विचाराल तर माद्रिदमधली सर्वांत महत्त्वाची उपाहारगृहातली बैठक ही 'कासा लाब्रा'मधली. पुएर्ता देल सोल या मध्यवर्ती चौकापासून हाकेच्या अंतरावर, तेतुआन रस्त्यावर, १८६० पासून असलेली ही साधी जागा आहे. २ मे १८७९ रोजी पाब्लो इग्लेसियास आणि त्याचे पंचवीसेक सहकारी तिथे जमले आणि त्यांनी गुप्तपणे स्पेनचा समाजवादी कामगार पक्ष स्थापन केला. पुढे याच पक्षाने देशाला अनेक पंतप्रधान दिले. जमलेल्यांत बहुसंख्य कोण होते? छापखान्यातले खिळे जुळवणारे कामगार. इग्लेसियास स्वतः जुळारीच होता. माझे आजोबाही जुळारी होते (माझ्या सभासदनामाचे मूळ तेच), त्यामुळे मी त्या दारावरची फलक-ओळ जरा अभिमानानेच वाचली.

त्या काळी राजकीय सभेला परवानगी मिळणे कठीण होते, पण एका टेबलाभोवती जेवायला बसायला परवानगी लागत नसे. उपाहारगृह हे सभागृह का बनले याचे हे कारण मला तरी पुरेसे वाटते. आज तिथे गेलात तर एका खिडकीवर तळलेल्या बाकालावचे, म्हणजे खारवलेल्या कॉड माशाचे, तुकडे आणि त्याचीच क्रोकेत मिळतात. दुसऱ्या खिडकीवर पेय घ्यायचे, उभ्याने खायचे आणि निघायचे. रांगेत माझ्या पुढे एक गवंडी होता आणि मागे सुटाबुटातले दोन वकील वाटावेत असे गृहस्थ. सांजवेळ, आपल्या वडिलांच्या प्रश्नाचे एक उत्तर या रांगेत असू शकेल.

कुंकवाचा_करंडा

मला एक वेगळी शंका आहे. आपण सगळे ज्याला 'गावाचा कट्टा' म्हणत आहोत तो गावातल्या नेमक्या कोणाचा? कासासच्या सायकलीवर दोन पुरुष, जुळाऱ्यांच्या टेबलाशी सगळे पुरुष, आणि माद्रिदच्या 'पोम्बो' या कॅफेत लेखक रामोन गोमेस दे ला सेर्ना दर शनिवारी रात्री भरवत असे त्या बैठकीचे चित्रकार सोलानाने १९२० साली काढलेले चित्र आज राइना सोफिया संग्रहालयात आहे, त्यातही सगळे पुरुषच. मी ते चित्र पाहिले आहे. काळे कोट, पांढरे चेहरे, बाटल्या, आणि मागे आरशात एक म्हातारे जोडपे. आरशातल्या त्या एका बाईपुरती जागा मिळाली आहे खरी.

म्हणूनच माद्रिदमधल्या शिकलेल्या स्त्रियांनी १९२६ मध्ये स्वतःचा 'लिसेउम क्लब' काढला, मारिया दे माएस्तु त्याच्या अध्यक्ष होत्या. तिथे व्याख्याने होत, ग्रंथालय होते, चहाही होता, आणि वर्तमानपत्रांतून त्यांची यथेच्छ टिंगलही झाली. कॅफेत बसणारा पुरुष विचारवंत आणि क्लबात बसणारी बाई घर सोडून आलेली, हा न्याय आपल्याला अनोळखी नाही. ऐतिहासिक उपाहारगृहांविषयी हळवे होताना एवढे लक्षात असावे, एवढेच म्हणायचे होते.

अबोली_देशपांडे_नव्हे

अगदी मान्य. थोडी भर घालते. यादवी युद्धानंतर चित्र किंचित बदलले. माद्रिदच्या 'खिखोन' कॅफेच्या नावाने अभिनेता फेर्नान्दो फेर्नान गोमेस याने १९४९ मध्ये लघुकादंबरीसाठी पुरस्कार सुरू केला, आणि १९५४ मध्ये तो कार्मेन मार्तिन गाइते या तरुण लेखिकेला मिळाला. कॅफेने बाईला खुर्ची दिली की नाही हे वेगळे, पण पुरस्कार दिला.

रिकामटेकडा_प्राध्यापक

खिखोनचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहितो, कारण मला वाटते या धाग्याचा गाभा तिथे आहे.

माद्रिदच्या रेकोलेतोस या झाडांच्या रुंद रस्त्यावर, २१ क्रमांकाला, १८८८ साली उत्तरेकडच्या आस्तुरियास प्रांतातून आलेल्या एका माणसाने हा कॅफे काढला आणि आपल्या भागातल्या शहराचे नाव त्याला दिले. स्पॅनिश भाषेत ठरावीक जागी, ठरावीक वेळी, त्याच त्या माणसांच्या होणाऱ्या गप्पांच्या बैठकीला 'तेर्तुलिया' म्हणतात. तेर्तुलियात अध्यक्ष नसतो, ठराव नसतो, पण खुर्च्या ठरलेल्या असतात. यादवी युद्धानंतरच्या उपासमारीच्या वर्षांत खिखोनमध्ये कवींचे टेबल निराळे, नटांचे निराळे, चित्रकारांचे निराळे असे. खरी कॉफी मिळणे दुरापास्त होते, माल्ट आणि चिकोरीचे पाणी कॉफी म्हणून दिले जाई, आणि त्या एका पेल्यावर लेखक संपूर्ण दुपार काढत. घरात शेगडी पेटवायची ऐपत नसेल तर कॅफेतली ऊब ही चैन नसते, गरज असते. कामिलो होसे सेला याची माद्रिदमधल्या एका कॅफेभोवती फिरणारी कादंबरी स्पेनमधल्या सेन्सॉरमुळे १९५१ मध्ये ब्वेनोस आइरेसला प्रसिद्ध करावी लागली. त्या कादंबरीतली मालकीण पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाला बाहेर काढायला लावते. (गंमत अशी की सेलाने स्वतः काही काळ सेन्सॉर म्हणून काम केले होते.) सेला खिखोनच्या बैठकीतला, त्यामुळे पेल्यावर पेला न मागवता बसणाऱ्यांचे हाल त्याने जवळून पाहिले होते.

पण मला सांगायचे आहे ते आल्फोन्सोबद्दल. दाराजवळच्या एका कोनाड्यात तो सिगारेट, काड्यापेट्या आणि लॉटरीची तिकिटे विकत बसे. अशा विक्रेत्याला तिथे 'सेरियेरो' म्हणतात. जवळजवळ तीस वर्षे तो तिथे होता. कोणाचा निरोप कोणाला द्यायचा, कोण कोणाशी सध्या बोलत नाही, कोणाचे मानधन अडकले आहे, हे सारे त्याला ठाऊक असे, आणि अडलेल्या लेखकाला तो चार पैसे उसने देत असे. स्वतः कट्टर अराजकतावादी. त्याच्या जागी मित्रांनी फलक लावला, त्यावरील मजकुराचा आशय असा: 'इथे आल्फोन्सोने तंबाखू विकली आणि आयुष्य जाताना पाहिले; काड्यापेटीवाला आणि अराजकतावादी.' २००६ मध्ये तो गेला. नोबेल मिळालेले लेखक त्या कॅफेत येऊन गेले, पण आत शिरल्यावर मी प्रथम शोधला तो हाच फलक.

तात्पर्य काढण्याची मला सवय आहे, पण ते टाळून एवढेच म्हणतो की जागा कट्टा आहे की नाही हे मालकाकडे पाहून कळत नाही. तिथे उधारी कोण लक्षात ठेवतो, ते पाहावे.

पोटोबा

उधारीवरून आठवले. सेव्हियामध्ये 'एल रिंकोन्सियो' नावाची जागा आहे, स्वतःचे वय १६७० पासून मोजते. तिथे आपण काय काय घेतले ते वाढपी समोरच्या लाकडी फळीवर खडूने लिहीत जातो, शेवटी बेरीज करतो आणि पैसे दिले की ओल्या फडक्याने पुसून टाकतो. पालक आणि चण्यांची भाजी मागवली होती, फार छान होती. माझी बेरीज त्याने माझ्यादेखत दोनदा केली, कारण मी आकडे उलटे वाचत होतो आणि हुज्जत घालत होतो. चूक माझीच निघाली.

शुद्ध_शाकाहारी

पालक आणि चण्यांचा उल्लेख आल्याने धाग्यात प्रवेश करण्याचे धाडस करतो. माझ्यासारख्या माणसाने या ऐतिहासिक जागांत जाऊन नक्की काय खावे? 'मांस नको' असे सांगितल्यावर मला एका ठिकाणी अतिशय प्रेमाने हॅमचे बारीक तुकडे घातलेल्या शेंगा आणून दिल्या होत्या.

सांजवेळ

'मांस नको' एवढे पुरत नाही, कारण हॅम हे त्यांच्या हिशेबी मांसात मोडतेच असे नाही. हॅम नको, मासा नको, मटणाच्या सूपात शिजवलेलेही नको, असे एकेक मोजून सांगावे. कातालुन्यात, म्हणजे बार्सिलोनाच्या प्रांतात, पाव, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल कुठेही मिळते. पाव भाजून त्यावर पिकलेला टोमॅटो घासायचा, तेल ओतायचे, मीठ भुरभुरायचे. विस्तवावर भाजलेल्या वांग्याची आणि ढोबळी मिरचीची 'एस्कालिवादा'ही मिळते. वडिलांनी ती खाऊन 'भरीत बिघडले आहे, पण चांगले बिघडले आहे' असा अभिप्राय दिला.

भूमध्यवारा

लेखिका बार्सिलोनात राहतात, तरी त्यांनी शीर्षकाखाली 'स्पॅनिश उपाहारगृह' म्हटले आहे, याचे आश्चर्य वाटले. क्वात्रे गात्स ही कातालान नवकलेच्या चळवळीची जागा. तिला स्पॅनिश म्हणणे तिथल्या बऱ्याच लोकांना रुचणार नाही.

सांजवेळ

आपला आक्षेप रास्त आहे. मी 'स्पॅनिश' हा शब्द देशाच्या अर्थाने वापरला. मात्र त्या टेबलांवर दोन्ही भाषा बोलल्या जात. पिकासो मूळचा दक्षिणेतल्या मालागाचा, कातालान तो मित्रांकडून शिकला. भाषेच्या प्रश्नावर स्वतंत्र धागा निघाल्यास मी तिथे अवश्य लिहीन.

मान्सानारेसकाठचा

मी माझ्या पहिल्या प्रतिसादाबद्दल थोडी माघार घेतो. रिकामटेकड्या प्राध्यापकांचा प्रतिसाद वाचून मला 'कोमेर्सियाल' आठवला. माद्रिदच्या बिल्बाओ चौकातला हा कॅफे १८८७ पासूनचा. कवी आन्तोनियो माचादो आणि त्याचा भाऊ तिथे येत. जुलै २०१५ मध्ये एका सकाळी गिऱ्हाईक आले तर दार बंद. आदल्या दिवशीपर्यंत कोणाला कल्पना नव्हती. दुपारपर्यंत लोकांनी काचांवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली आणि दोन-तीन दिवसांत बाहेरून काचच दिसेनाशी झाली. मी ऑफिसातून येताना थांबून काही वाचल्या होत्या. कोणी लिहिले होते की आम्ही इथे भेटलो आणि आता आमची मुलगी महाविद्यालयात आहे, तर कोणी फक्त नेहमीच्या टेबलाची जागा सांगितली होती. २०१७ मध्ये कॅफे नव्या चालकांकडून पुन्हा सुरू झाला. खांब, आरसे, संगमरवर बरेचसे पूर्वीचेच आहे. जेवण पूर्वीपेक्षा महाग आहे आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, चांगलेही आहे.

पण चिठ्ठ्या लावणारे पुन्हा रोज येतात का, हे मला ठाऊक आहे, आणि उत्तर फारसे उत्साहवर्धक नाही. माझ्या इमारतीतल्या ज्या आजीबाई तिथे मैत्रिणींबरोबर पत्ते खेळायला जात, त्या आता कोपऱ्यावरच्या साध्या बारमध्ये जातात.

वकीलसाहेब_निवृत्त

बंद पडण्याचे एक मोठे कारण भाड्याचा कायदा हे आहे, आणि तो इथे कोणी काढला नाही म्हणून लिहितो. हुकूमशहा फ्रँकोच्या काळापासून स्पेनमध्ये जुन्या दुकानांची भाडी गोठवलेली होती आणि भाडेपट्टा वारसाला मिळत असे. १९९४ च्या नागरी भाडेपट्टा कायद्याने ही सवलत संपवली, परंतु जुन्या व्यापारी गाळ्यांपैकी बहुतेकांना वीस वर्षांची मुदत दिली. ती मुदत २०१४ च्या डिसेंबरअखेर संपली. १ जानेवारी २०१५ पासून मालक बाजारभावाने भाडे मागू शकत होता, आणि बार्सिलोनाच्या जुन्या भागातील कित्येक शंभरी ओलांडलेली दुकाने त्या सुमारास बंद झाली. मुंबईतील पागडीच्या जागांत ज्यांचे बालपण गेले आहे त्यांना हा पेच समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

बार्सिलोना नगरपालिकेने अशा जुन्या आस्थापनांची यादी करून संरक्षण दिले. पण कायद्याने दर्शनी भाग वाचवता येतो, गल्ला आणि टाइल्स वाचवता येतात, छतावरची नक्षी वाचवता येते. भाडे आणि गिऱ्हाईक वाचवता येत नाही. त्यामुळे असे होते की कपाटे औषधाच्या दुकानाची आणि आत विकायला असतात पर्यटकांसाठी टोप्या. क्वात्रे गात्समध्ये निदान खानावळीच्या जागी खानावळच आहे, ही गोष्ट मी क्षुल्लक मानणार नाही.

खिळेजुळारी

आणि क्वात्रे गात्सच्या बाबतीत मधल्या काळाचा विनोद कोणी सांगितलेला नाही. १९०३ मध्ये ही बोहेमियन मंडळी बाहेर पडल्यावर ती जागा कोणी घेतली? 'सेर्क्ले आर्तिस्तिक दे सान्त लुक' या धर्मनिष्ठ कॅथलिक चित्रकारांच्या मंडळाने. नग्न मॉडेलवरून चित्र काढायला ज्यांच्याकडे बंदी होती, वास्तुरचनाकार गाउदी ज्यांचा सभासद होता, ती सोवळी मंडळी रुसिन्योलच्या धुराने काळवंडलेल्या छताखाली रेखाटन करू लागली. तेव्हा त्या इमारतीत कट्टा अखंड नव्हता, तरी कला बऱ्यापैकी होती. रोमेऊचे पुढे फार दिवस राहिले नाहीत, तो १९०८ मध्ये वारला.

जोडसायकलचे चित्र १९०१ मध्ये उतरवून त्या जागी कासासने नवे चित्र लावले. त्यात तेच दोघे मोटारीत बसले आहेत. नवे शतक, नवे वाहन. दोन्ही मूळ चित्रे आता बार्सिलोनातल्या मोन्जुइक टेकडीवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. सायकलच्या चित्रावर एक ओळ लिहिलेली होती, तिचा अर्थ असा की सायकल चालवायची तर पाठ ताठ ठेवून चालत नाही. सांजवेळ, वडिलांना हेही सांगा. कासास श्रीमंत घरचा होता आणि पैसा बराचसा त्याचा होता, म्हणजे पुढे बसून पाइप ओढण्याबद्दलचे त्यांचे निरीक्षण हिशेबालाही लागू पडते.

कुंकवाचा_करंडा

मूळ प्रश्नाकडे परत येते. स्पेनमध्ये मी एक वर्ष शिकायला होते तेव्हा मला खऱ्या अर्थाने गावात घेतले ते नावाजलेल्या जागेने नव्हे, तर आमच्या गल्लीतल्या बारने. दुपारी दोन वाजता 'मेनू देल दिया', म्हणजे ठरलेल्या किमतीत पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि गोड. १९६० च्या दशकात पर्यटकांसाठी सरकारने ठरवून दिलेल्या थाळीतून ही पद्धत पुढे आली, आणि कामगारांनी ती स्वतःची करून टाकली. पर्यटकांसाठी काढलेली गोष्ट गावाची झाली, हा प्रवास उलट्या दिशेने होतानाच आपण नेहमी पाहतो. जेवण संपल्यावर ताटे उचलली तरी माणसे उठत नाहीत. त्या बसून राहण्याला त्यांनी 'सोब्रेमेसा' असे स्वतंत्र नाव ठेवले आहे. माझ्या टेबलाशी बसणाऱ्या दोघी शिंपिणी होत्या. त्यांनी माझे स्पॅनिश सुधारले आणि त्यातल्या एकीने माझा हिवाळी कोट फुकट आतून शिवून दिला.

रिकामटेकडा_प्राध्यापक

यापुढे मी लिहिण्यासारखे काही उरले नाही. शिंपिणींना नमस्कार.

सांजवेळ

उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व. सर्व प्रतिसाद मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. जाण्याआधीचे त्यांचे शेवटचे दहा दिवस कसे गेले ते मी पहिल्या लेखनात लिहिले नव्हते, कारण तेव्हा त्याचा या विषयाशी संबंध आहे असे मला वाटले नव्हते.

आमच्या सान्त्स भागातल्या घराखाली एक बार आहे. संगमरवरी काउंटर, दोन पिंप, टीव्हीवर आवाज बंद करून लावलेला फुटबॉलचा सामना. त्याला इतिहास नाही, निदान कोणी लिहिलेला नाही. मी कामावर गेले की वडील अकराच्या सुमारास खाली उतरून तिथे बसू लागले. त्यांना स्पॅनिश येत नाही आणि तिथल्या कोणाला मराठी येत नाही. तिघे म्हातारे रोज डोमिनो खेळत. पहिल्या दिवशी वडिलांनी लांबून पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाने पायाने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. नियम बोटांनी समजले. चौथ्या दिवशी मी लवकर घरी आले आणि खाली डोकावले, तर वडील सोंगट्या हाताच्या आडोशाने उभ्या धरून बसले होते, आणि समोरचा त्यांना कातालानमध्ये काही तरी रागावून सांगत होता, आणि ते 'अहो, मीच जिंकलो आहे' असे मराठीत सांगत होते.

मालकीणबाई न मागता दूध घातलेली कॉफी ठेवत आणि ते रोज दीड युरो मोजून देत. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावून नेले आणि विचारायला सांगितले की पुढच्या वर्षी आलो तर महिन्याचे एकदम दिले तर चालेल का. मी विचारले. तिने काउंटरखालून चौकटीची वही काढली, बॉलपेन चावत थोडा वेळ विचार केला आणि त्यांचे नाव कसे लिहायचे ते मला विचारले.